साडभाऊंचा एकमेव तपास

"कोनी खाली उतराचं नाही! जो जिथं बसला होता, तिथंच बसून राहा! बकरीलेही धरून ठेवा!"

केशोरीत आपल्या अंगणात, बनियनवर जुना पोलिसी पट्टा आवळून आमचे साडभाऊ ओरडत होते. समोर त्यांची म्हातारी व्हॅन उभी होती. व्हॅनच्या मागच्या भागात मी, माझ्या मांडीवर एक कोहळा, शेजारी साडभाऊंचे शेजारी आणि त्या शेजाऱ्यांच्या मांडीवर एक बकरी. पुढे डावीकडच्या सीटवर माझी आकडसासू, म्हणजे बायकोची मोठी बहीण, म्हणजेच साडभाऊंच्या सौभाग्यवती, पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. मागच्या बाजाराच्या दिवशी मीही केशोरीत होतो आणि व्हॅन बिनतक्रार चालू झाली होती; त्या दिवशी जो जसा बसला होता तो तसाच बसवून साडभाऊ 'घटनेचा देखावा' उभा करत होते. त्या दिवशीचा कोहळा कधीच पोटात गेला होता, म्हणून हा दुसरा आणला होता. बकरी मात्र तीच होती. तिला दुसऱ्यांदा या तपासात ओढल्याबद्दल ती माझ्या शर्टाची बाही खाऊन निषेध नोंदवत होती.

आमच्या साडभाऊंनी ब्रह्मदेवाला जरी समोर बसवलं असतं, तरी 'सृष्टी निर्माण झाली तवा तुम्ही नेमके कोठी होते' असं विचारून चारही तोंडांची बोबडी वळवली असती. ते पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सारी नोकरी अशा आडजंगलातल्या ठाण्यांवर गेली, की तिथे गुन्हेगार बदली होऊन आला तरच गुन्हा घडायचा. एकदा सायकल चोरीला गेल्याची तक्रार आली. साडभाऊ हर्षाने दोन घास कमी जेवले आणि तपासाला निघाले, तर सायकलवाला वाटेतच भेटला. सायकल तो सासुरवाडीला विसरला होता. त्या माणसाला साडभाऊंनी आजतागायत क्षमा केलेली नाही. त्यामुळे नोकरीत न झालेले सगळे तपास त्यांनी निवृत्तीसाठी राखून ठेवले. भाजीवाल्याकडे गेले की दुधीभोपळ्याकडे बोट दाखवून 'याले कवापासून ओळखता' असं विचारतात. माझ्या घरी आले की दाराकडे तोंड करून बसतात आणि पाण्याचा पेला हातात घेण्याआधी 'घरात कोन कोन आहे' याची खात्री करून घेतात. मागच्या उन्हाळ्यात अंगणातल्या झाडावरचा एक आंबा दिसेना, तर त्यांनी दुपारभर अशी चौकशी केली की तिघांनी गुन्हा कबूल केला. त्या तिघांत एक मीही होतो. संध्याकाळी वारा सुटला आणि आंबा पानाआडून बाहेर आला. साडभाऊ त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "कबुली तं खरी होती ना."

तर ही व्हॅन. एका शाळेच्या पोरांची ने-आण करून करून ती थकली, तेव्हा साडभाऊंनी घेतली. चांगली चालायची. पण दिवाळीपासून तिला एक आजार जडला. किल्ली फिरवली की कधी पहिल्या झटक्यात चालू, तर कधी 'टक्' एवढा आवाज करून गप्प. गप्प झाली की धक्का मारा, शिव्या द्या, लिंबू उतरवा, ती आपली मौन पाळायची. आणि तासाभराने कोणी सहज किल्ली फिरवली की कोकिळेसारखी बोलायला लागायची. नेहमी बंद पडणारी गाडी बरी, तिच्यावर माणूस भरवसा तरी ठेवू शकतो. ही मात्र भलतीच लहरी. अर्जुनीच्या मेकॅनिककडे नेली की तिथे चालू. गोंदियाच्या मेकॅनिककडे नेली की तिथेही चालू. त्याने बॉनेट उघडून पाहिलं, सीटखालची बॅटरी वरवर चाचपली, वायरी जागच्या जागी होत्या. शेवटी हात पुसत तो साडभाऊंना म्हणाला, "साहब, गाडी तो मक्खन है. बीमारी आपको है." साडभाऊंनी त्याचंही नाव संशयितांत घातलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण पोरीचा प्रश्न होता. साडभाऊंची एकुलती एक पोरगी दरेकशाकडे दिलेली. सातवा महिना लागला होता आणि तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. फोनवर ती म्हणायची, 'आई, अन्न जात नाही.' एवढ्या चार शब्दांवर बाईंनी महिनाभराची झोप घालवली होती. पोरगी आधीच काडी. वारा आला की तिच्या पदराला दगड बांधावा लागेल, असं आम्ही तिला चिडवायचो. त्यात केशोरीहून दरेकसा म्हणजे जिल्ह्याचं एक टोक सोडून दुसरं धरायचं, मध्ये जंगलच जंगल. बाईंनी सरळ सांगून टाकलं, "माह्या पोरीले त्या डब्यात नाही बसवाची. उभ्या जंगलात बंद पडली तं काय अस्वलानं धक्का मारावा?" जावई नवी मोटार भाड्याने करून पोरीला पोचवायला तयार होता. पण साडभाऊंच्या मनात दिवाळीची सल होती. दिवाळीला पोरगी माहेरपणाला आली होती. निघायच्या दिवशी पुढच्या सीटवर बसली, कारण मागे बसलं की तिला आईसारखंच मळमळतं. बाई तेव्हा घरात शिदोरी बांधत होत्या. साडभाऊंनी किल्ली फिरवली आणि गाडीने 'टक्' केलं. शेवटी जावयाने तिला शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसवून नेलं. बापाच्या दारातून पोरगी दुसऱ्याच्या गाडीवर गेली. ते त्यांना लागलं होतं.

"पोरगी बापाच्या गाडीतच येईन," ते म्हणाले.

"मंग आधी पकडा तुमचा चोर," बाई म्हणाल्या. "नाही पकडला तं मी जावयाले फोन करतो आन् हा डबा भंगारात देतो."

असा हा त्यांच्या आयुष्यातला पहिला खरा तपास. मला पंच म्हणून गोंदियाहून पुन्हा बोलावलं होतं.

देखावा उभा राहिल्यावर साडभाऊंनी किल्ली फिरवली. गाडी चालू. त्यांनी बंद केली आणि जबाब घ्यायला सुरुवात केली. शेजाऱ्यांना विचारलं, "बाजाराच्या दिवशी गाडी चालू झाली, तवा तुम्ही काय करून राहिले होते?"

"बसून राहिलो होतो जी."

"कायले?"

"उभं राहाले जागा कोठी आहे व्हॅनमंदी?"

साडभाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की शेजाऱ्यांनी बकरी थोडी पुढे धरली. मग सुरू झाली ती एकेकाला वगळण्याची प्रक्रिया. आधी कोहळा उतरवला. किल्ली फिरवली, गाडी चालू. कोहळा निर्दोष सुटला. मग बकरी उतरली, चालू. शेजारी उतरले, चालू. मी उतरलो, तरी चालू. एव्हाना अर्धं केशोरी कुंपणाशी जमलं होतं आणि पुढचा कोण सुटतो यावर पैजा लागत होत्या. गाडीत आता उरले साडभाऊ आणि बाई. साडभाऊंनी बाईंकडे पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

"तू उतर जराशी."

"आता तं म्हनत होते कोनी उतरू नोका."

"आता हुकूम बदलला."

बाई उतरल्या. व्हॅनने 'हुश्श' करून अंग वर घेतलं. साडभाऊंनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बाईंना बसवलं, चालू. उतरवलं, टक्. चालू गाडीतून उतरवलं, तर चालू गाडीही गप्प. मला त्या सीटवर बसवून पाहिलं. माझी प्रकृती अशी, की बसच्या सीटवर मी बसलेलो असताना लोक ती रिकामी समजतात. गाडी टक्. साडभाऊ स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसले. त्यांना एकाएकी उमगलं, की आजवर प्रत्येक मेकॅनिककडे बाई बरोबर होत्या. 'तुमाले कोनीही फसवते' म्हणून त्या सोबत जायच्या. आणि दिवाळीला नेमक्या त्या घरात होत्या.

"आरोपी घरातच होता," ते हळू आवाजात म्हणाले.

"आरोपी आता भाजी टाकाले जाऊन राहिला," बाई म्हणाल्या. "जेवाचं असन तं या."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी कुंपणाशी उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या मनात एकच शब्द आला होता. माझ्या तर तो घशापर्यंत आला होता. शेजाऱ्यांच्या ओठावर होता. बकरीच्याही डोळ्यांत दिसत होता. पण बाईंसमोर तो शब्द उच्चारेल असा माणूस त्या तालुक्यात जन्मलेला नव्हता, आणि जन्मला असता तरी त्यानंतर त्याला केशोरीत कोणी भात वाढला नसता. म्हणून साडभाऊंनी सर्वांच्या सोयीचा निष्कर्ष काढला, की ही गाडी माणूस ओळखते. घोडा नाही का ओळखत, तसं. आम्ही सगळ्यांनी जोरजोरात माना हलवल्या. पंच म्हणून मी सर्वांत जास्त हलवली.

पण या निष्कर्षातून एक नवाच पेच उभा राहिला. गाडी न्यायची तर बाईंनी यायला हवं, आणि बाई दरेकशाला पाऊल ठेवू शकत नव्हत्या. नातवंड होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आताशा कोणी फारशी पाळत नाही. साडभाऊंनी तर त्यात एक पळवाट शोधून ठेवली होती: ड्युटीवरच्या माणसाला चहा चालतो. पण बाईंनी ती रीत पोरीच्या लग्नापासून इतकी कडक पाळली होती, की दरेकशाहून कोणी आलेल्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली तरी त्या तोंड फिरवत. जेवताना साडभाऊंनी भीत भीत विषय काढला. मला वाटलं, आता पोळपाट येणार. बाईंनी तव्यावरची पोळी उलटवली, फुगेपर्यंत पाहिली, आणि म्हणाल्या, "उतरनार नाही मी गाडीतून." थोड्या वेळाने म्हणाल्या, "कोनती साडी नेसू?"

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजूलाच निघालो. पुढे साडभाऊ आणि बाई, मागे मी आणि एक उशी. वाटेत साडभाऊंनी जिथे जिथे गाडी थांबवली, तिथे किल्ली काढून खिशात घातली, कारण चालू गाडी सोडणं म्हणजे चोराला आमंत्रण, आणि चोराची वाट ते आयुष्यभर पाहत होते. प्रत्येक वेळी बाई जागेवर असल्याने गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. नवेगावच्या पुढे साडभाऊ बाईंकडे अभिमानाने पाहून मला म्हणाले, "पाहून राहिले ना, साडभाऊ? खात्यात अशी मानसं नोहती."

व्याह्यांच्या अंगणात गाडी थांबली आणि बाई म्हणाल्याप्रमाणे बसून राहिल्या. साडभाऊ आत जाऊन ड्युटीवरचा चहा प्यायले. मी तर पंचच, मी पोहेही खाल्ले. विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन व्हॅनच्या खिडकीशी आल्या.

"अजी विहीनबाई, आमची जमीन काय चावते का?"

"नाही ना जी. नातू खेळवाले येईन तवा पेईन पानी. आता राहू द्या."

विहीणबाईंनी आग्रह केला, रागावल्या, मग त्यांनीच घरातून एक पाट आणला आणि व्हॅनच्या दाराशी मांडून बसल्या. एक खिडकीच्या आत, एक बाहेर, अशा दोघी तासन्‌तास बोलल्या. धान, गुडघे, सुना, सगळं झालं. मग पोरगी बाहेर आली. सैलशी साडी, डोक्यावर पदर. बाईंनी खिडकीतून हात काढून तिच्या गालावरून फिरवला. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"वाळली ना वं माही पोरगी."

"वाळली?" विहीणबाई म्हणाल्या. "आधीचे दोन महिने नोहती खात, हे खरं. आता दोन मानसाचं खाते, आन् वरतून मलेच विचारते का तुम्ही काऊन नाही जेवत."

बाई हसल्या नाहीत. विहीण म्हटलं की ती असंच बोलणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. निघताना पोरीला मागे उशीला टेकून बसवलं. बाई पुढच्या सीटवरून तसूभर हलल्या नव्हत्या. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, आणि अख्खं अंगण हात हलवत मागे राहिलं.

पण घाट आला. दरेकशाचा घाट म्हणजे वळणावर वळण, दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, आणि मोबाईलला रेंज नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणाला पोरीने माझी बाही धरली. जी बकरीने शिल्लक ठेवली होती, ती. मी ओरडलो, साडभाऊंनी गाडी कडेला घेतली, आणि सवयीने किल्ली काढून खिशात घातली. पोरगी उतरून ओकली, तोंड धुतलं, आणि पांढरीफटक होऊन व्हॅनच्या दाराला टेकली. मागच्या सीटकडे तिने असं पाहिलं, की तिथे परत जाण्यापेक्षा ती केशोरीपर्यंत चालत येईल.

पोरगी पुढे बसली तर गाडी चालू होणार नाही, आधी चालू केली तरी चालू राहणार नाही. बाई पुढे बसल्या तर पोरगी मागे घाट काढू शकणार नाही. बाईंनी जे जे भय घरी बोलून दाखवलं होतं, ते आता भोवती झाडांच्या रूपात उभं होतं. माझी तर खात्री आहे, की पलीकडच्या टेकाडावर एक अस्वल धक्का मारायच्या तयारीने येऊन बसलं होतं. साडभाऊ किल्ली खिशातून काढेनात. जन्मात पहिल्यांदा त्यांना कोणाला काही विचारावंसं वाटत नव्हतं.

बाई उतरल्या. "बस, बेटा," त्या म्हणाल्या. "नाही झाली चालू तं नाही झाली. बसून राहू चौघंही."

पोरगी पुढे बसली, बाई माझ्या शेजारी आल्या. साडभाऊंनी किल्ली लावली. त्यांचा हात किल्लीवरच राहिला. मग त्यांनी डोळे मिटले आणि फिरवली.

गाडी चालू झाली.

नुसती चालू नाही, मक्खन. साडभाऊंनी डोळे उघडले, तरी गिअर टाकेनात. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ते पोरीकडे बघत राहिले. दिवाळीला हीच पोरगी, हीच सीट, आणि टक्. त्यांचा अख्खा तपास डोळ्यांदेखत कोसळत होता. गाडी जर माणूस ओळखत होती, तर माणूस तर तोच होता.

मागून बाईंचा आवाज आला. शांत, घरात तांदूळ निवडताना असतो तसा. "वजनाचं आहे ते."

तो शब्द अखेर उच्चारला गेला होता, आणि ज्यांच्यासमोर उच्चारायचा नव्हता त्यांनीच उच्चारला होता. बाईंनी पुढे वाकून पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हंजे खाते मंग माही पोरगी. खोटं नोहती बोलत विहीन."

पोरगी हसायला लागली. हसता हसता पोटावर हात धरला आणि म्हणाली, "आई, लाथ मारून राहिलं."

साडभाऊंनी गिअर टाकला. घाटभर ते गाडी अशी चालवत होते, जशी भरलेली घागर डोक्यावरून न्यावी. खाली सपाटीला लागल्यावर त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं. "पंच, तुमाले मालूम होतं का हे?" मी म्हणालो, "नाही भाऊ." कबुली देणं मला जमतं, पण योग्य वेळी न देणंही जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः पुढची डावी सीट काढली. खाली बॅटरी होती. तिच्या एका तारेची पकड वरून अगदी घट्ट दिसत होती, पण हात लावला की सैल. त्यावर पांढरट-हिरवी बुरशी चढलेली. खचलेल्या सीटची लोखंडी पट्टी, वर पुरेसा भार आला की नेमकी त्या पकडीवर टेकायची आणि जोड जुळायचा. साडभाऊंनी पकड घासली, नट आवळला, आणि गाडी माझ्यासारख्या हवेच्या माणसालाही मानायला लागली. त्यांनी सर्वांना जमवलं, घडलं ते सांगितलं, बकरीची माफी मागितली. एकच गोष्ट मात्र त्यांनी गाळली, वजनाची. 'यांत्रिक कारण' एवढंच म्हणाले.

पोरगी सुखरूप बाळंत झाली. नात झाली, गोरीगोमटी, गुटगुटीत, रडली की नवेगावच्या तलावावरचे पक्षी उडतील अशी. सव्वा महिन्यानंतर जावई न्यायला आला, तेव्हा बाईही पोरीबरोबर दरेकशाला गेल्या. आता उंबराही चालत होता आणि पाणीही. विहीणबाईंनी म्हणे दारातच तांब्या पुढे केला, आणि बाईंनी तो रिकामा करूनच परत दिला. 'आठ दिवसांत येतो' म्हणून गेलेल्या बाई अजून तिथेच आहेत. नातीची मालिश दुसऱ्या कोणाला जमत नाही म्हणतात. रोज फोनवर साडभाऊंना नातीचं रडणं ऐकवतात, आणि साडभाऊ इकडून विचारतात, "काऊन रडून राहिली? कोनी काही केलं का तिले?"

परवा ते गोंदियाला माझ्याकडे आले, एकटेच. व्हॅन दाराशी लावली, किल्ली काढून खिशात घातली. मी बाहेर आलो तर डावीकडच्या सीटवर नव्या तांदळाचं एक पोतं बसवलेलं, त्यावरून पट्टा लावलेला. पोत्याचं तोंड सुतळीने असं घट्ट शिवलेलं, की उलटं टांगलं तरी दाणा गळू नये. मागची सगळी जागा मोकळी.

मी म्हणालो, "भाऊ, नट तं तुम्ही सोता आवळला. आता पोतं पुढं कायले?"

साडभाऊंनी पट्टा सोडला, पोतं खांद्यावर घेतलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मागं सांडते."